रोशा आणि लवंग

"वृंदा, तुझं तेल संपलं गं!" शेजारच्या कासारकाकू कुंपणावरून ओरडल्या, तेव्हा माझं एक तेल आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

मी नुकतीच कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आले होते. सायकल भिंतीला टेकवत विचारलं, "कसलं तेल?"

"असं काय करतेस? तुझं संशोधनाचं! द्वारकाबाईंनी दिलं होतं. आमच्या ह्यांच्या मानेवरची पुळी बसली की त्यानं. आता रोज गुडघ्याला चोळतात."

"गुडघ्याला?"

"मग? पुळीला चालतं तर गुडघ्याला का नाही चालणार?"

मी घरात शिरले. दारातच तो वास नाकात गेला. गुलाबासारखा गोड आणि मागून लवंगेचा तिखट झणका. दिवसभर प्रयोगशाळेत हाच वास घेऊन घरी आलं की इथेही तोच. द्वारकाबाई म्हणजे माझी फुई, आम्ही खान्देशी लोक आत्याला फुई म्हणतो, ती स्वयंपाकघरात पाट टाकून बसली होती आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये फनेल लावून तेल ओतत होती.

"फुई, हे काय चाललंय?"

"तुझंच काम करतेय," ती मान वर न करता म्हणाली. "तू करतेस बशीत. मी करते बाटलीत."

झालं होतं ते असं. मी तेव्हा पीएच.डी. करत होते. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दोन खोल्या आणि भामरे सर. विषय होता वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा त्वचेवरच्या जिवाणूंवर होणारा परिणाम. आमच्या भागातल्या डोंगरांत रोशा गवत उगवतं. त्याचं तेल पूर्वीपासून काढतात, अत्तरवाल्यांकडे मिळतं. ते आणि लवंगेचं तेल, दोन्ही मी जिवाणूंवर घालून पाहत होते. काचेच्या बशीत खळीसारख्या थरावर जिवाणू पसरायचे, वर तेलात बुडवलेली कागदाची चकती ठेवायची. रात्रभरात जिवाणू वाढून बशी पिवळट होते. तेल लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. रोशाच्या चकतीभोवती लहानसा गोल यायचा, लवंगेच्या भोवती जरा मोठा. पण दोन्ही थोडं थोडं एकत्र केलं की गोल पसरून बशीच्या काठाला लागायचा. दोन तेलं मिळून जे करत होती ते एकेकट्याला जमत नव्हतं. माझा सगळा प्रबंध त्या एका गोलावर उभा होता.

आणि एकदा मी डबा विसरले म्हणून फुई तो घेऊन प्रयोगशाळेत आली. मी कौतुकानं तिला बशी दाखवली. आजही वाटतं, तेव्हा काय दुर्बुद्धी सुचली. फुईनं बशी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे पिवळं म्हणजे काय?"

"जिवाणू. गळू होतं ना, पू होतो, तो यांच्यामुळे."

"आणि इथे मेले?"

"हो."

तिला तेवढं पुरलं. त्याच संध्याकाळी ती अत्तरवाल्याकडे गेली.

आता मी तिच्यासमोर उकिडवी बसून समजावत होते. "हे बघ, बशीतलं वेगळं आणि माणसाच्या अंगावरचं वेगळं. लवंगेचं तेल नुसतं लावलं तर कातडी भाजते. किती लावायचं, कशात मिसळायचं, कुणाला चालतं, यातलं मला अजून काहीच माहीत नाही."

"मग इतकी वर्षं करतेस काय तिथे?"

मी बाटल्या गोळा केल्या. तिनं त्यातली एक पदराखाली घेतली ती मला दिसलीच नाही.

*

काही दिवसांनी वास पुन्हा सुरू झाला. या वेळी स्वयंपाकघरात नाही, फुईच्या अंगाला. ती जवळून गेली की गुलाब, लवंग, आणि खाली दबलेलं आणखी काहीतरी, आंबूस, कुबट. प्रयोगशाळेत राहून माझं नाक तयार झालं होतं. तो पुवाचा वास होता.

"तुला कुठे काय झालंय?"

"काही नाही."

"पाठीला डाग पडलाय ब्लाउजवर."

"तेलाचा आहे."

"तेल कशाला लावलंस?"

"तू प्रश्न फार विचारतेस," म्हणून ती धुणं घेऊन मागे गेली. जाताना डावा हात अंगाला चिकटवून चालत होती.

मी अप्पांना सांगितलं. माझे वडील तेव्हा नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते. दिवसभर पुढच्या ओट्यावर बसून ते जाणाऱ्या-येणाऱ्याला सल्ले देत. बहिणीबद्दल त्यांच्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं. तेच त्यांनी काढलं. "हट्टी आहे ती. सासरी टिकली नाही ती हट्टापायीच."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. फुईचं लग्न शिरपूरकडच्या एका गावात झालं होतं. घर चांगलं, जमीन चांगली, माणसं प्रतिष्ठित. वर्षाच्या आतच ती माहेरी आली. अप्पांनी समजूत घालून तिला स्वतः परत नेऊन सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, एकटी, दुधाच्या गाडीत बसून, आणि नंतर गेली नाही. का आली, कुणाला सांगितलं नाही. "जमलं नाही," इतकंच. पुढे माझी आई वारली आणि मला फुईनं वाढवलं. म्हणजे तिच्या हट्टाचा फायदा झाला तो मलाच. पण अप्पांच्या मनातून ती सल गेली नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी गाडी शिरपूरला जायची.

"अप्पा, तिला मधुमेह आहे. पाठीला गळू असेल तर दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"मग ने की. माझं ऐकलंय तिनं कधी?"

मी न्यायला गेले. पहिल्या दिवशी पापड घालायचे होते. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मग म्हणे डॉक्टर लोक उगाच कापतात. मग म्हणे गळू बसत आलंय. मी म्हटलं, निदान मला बघू दे. ती माझ्यावर इतक्या जोरात खेकसली की मी दचकले. फुई रागीट होती, पण माझ्यावर ती तशी कधी ओरडली नव्हती.

"बघायचं काय त्यात? तेल लावतेय ना मी! लांब चमच्याच्या दांड्याला कापूस गुंडाळला की हात पुरतो बरोबर."

"फुई, तू माझी बशी नाहीयेस!"

"बशीवर विश्वास आहे तुझा. माझ्यावर नाही."

चिडून मी दुसराच मार्ग काढला. मला खात्री होती की तिच्या गळवातला जिवाणू प्रयोगशाळेतल्यासारखा गरीब नसणार. आमचे जिवाणू वर्षानुवर्षं फ्रीजमध्ये राहून लाडावलेले. हा माणसाच्या अंगात वाढलेला, दांडगा. याच्यावर तेल चालणार नाही, गोल पडणार नाही, आणि ती पिवळीधमक बशी मी तिच्या नाकासमोर धरीन. मग तरी ऐकेल.

मी निर्जंतुक कापसाची काडी आणून तिला दिली. "एवढं तरी कर. याच्यावर थोडा पू घे. मी तपासते तेल चालतं का."

ही कल्पना तिला आवडली. काडी घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. "मी घेऊन देते म्हटलं ना," मी दारावर थाप मारली. आतून उत्तर आलं, "मी काय आंधळी आहे?" पाठीवरच्या गळवाला डोळे असून काय उपयोग होता कोण जाणे, पण तिनं काडी बरोबर भरून आणली.

दुसऱ्या दिवशी बशीत जिवाणूंच्या पुरत्या वाढलेल्या वसाहती दिसल्या. सोनेरी, फुगीर, अगदी पुस्तकातल्यासारख्या. त्या वेगळ्या करून मी नवीन बशीत पसरल्या, चकत्या ठेवल्या. सकाळी उबवणीपेटीचं दार उघडून बशी बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली.

गोल काठापर्यंत गेला होता. इतका सुंदर गोल मला वर्षभरात मिळाला नव्हता.

भामरे सर मागून डोकावले. "अरे वा! हा कुठला नमुना?"

"घरचा आहे सर."

"प्रबंधात घाल. रुग्णाकडून घेतलेला जिवाणू, आणि त्यावर असा परिणाम! परीक्षक खूश होतील."

"सर, रुग्ण खूश होईल त्याचं काय करू?"

सरांना काही कळलं नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, पाठीत खोल पू असेल तर वरून लावलेलं तेल तिथे पोचणारच नाही. शिवाय मधुमेह. तिला आजच्या आज उचलून ने."

"उचलून? सर, तुम्ही माझ्या फुईला ओळखत नाही."

घरी जाताना वाटेत खोटं बोलावं की काय असं शंभर वेळा मनात आलं. गोल पडला नाही, तेल निकामी ठरलं, एवढं म्हटलं की संपलं. पण माझा चेहरा फुईनं लहानपणापासून पाहिलेला. दारातच तिनं विचारलं, "मेले ना?"

"मेले," मी म्हटलं. "पण बशीतले."

ती हसली. तिचे ओठ कोरडे पडले होते, डोळे तारवटले होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मग माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तू मूर्ख आहेस म्हणाले. तुझ्यामुळे मला माझ्या कामाची किळस आली म्हणाले. मी इतकी वर्षं मरमर करून एक खरी गोष्ट शोधली आणि तू तिचा फास करून गळ्यात घालून घेतलास, असंही म्हणाले. अप्पा ओट्यावरून आत आले आणि सवयीनं सुरू झाले, "हे असंच आहे हिचं. सासरी पण..."

"अप्पा, तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. उभ्या आयुष्यात मी त्यांना असं बोलले नव्हते. ते खरोखरच गप्प बसले.

फुई भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग एकदम थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाई डॉक्टर असेल तर येते. आणि दादा आत येणार नाही."

"आता तुला बाईच डॉक्टर पाहिजे?"

"हो. आणि तू पण बाहेरच थांब."

मला इतका राग आला होता की त्या बोलण्यात काही अर्थ असेल असं मनातही आलं नाही. तापात माणूस अटी घालतो, आणि मला त्या पुऱ्या कराव्या लागतात, एवढंच वाटलं. मी रिक्षा आणायला पळाले.

*

बाई डॉक्टर मिळाल्या. डॉक्टर काझी, उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फुईची नाडी पाहिली, रक्तातली साखर तपासायला पाठवली आणि तिला पडद्याआड नेलं. मी आणि अप्पा बाकावर बसलो. अप्पांनी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

थोड्या वेळानं पडदा बाजूला झाला. "मुलगी कोण आहे? आत या. नर्स एकच आहे, धरायला माणूस पाहिजे."

आतून फुईचा आवाज आला, "तिला नको!"

"बाई, मला हात दोनच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "या तुम्ही."

फुई पालथी झोपवलेली होती. ब्लाउज मागून कापला होता. डाव्या खांद्याच्या हाडाखाली काळपुळी होती, बशीएवढी, लालजांभळी, चाळणीसारखी कित्येक तोंडं असलेली. भोवतीची कातडी तेलानं भाजून सोललेली. हे सगळं मी अपेक्षेप्रमाणे पाहिलं.

मग बाकीची पाठ पाहिली.

कमरेपासून मानेच्या जरा खालपर्यंत जुने डाग होते. पांढरे पडलेले, चकचकीत, ताणलेले. प्रत्येक डाग म्हणजे दोन रेषा, शेजारी शेजारी, सारख्याच लांबीच्या. काही सरळ, काही तिरपे. असे डाग कशानं पडतात हे ज्याच्या घरात चूल आहे त्याला सांगावं लागत नाही. चुलीपाशी चिमटा असतो. तो तापतो.

मी तिच्याजवळ वाढले. तिच्या कुशीत झोपले. पण तिची पाठ मी कधीच पाहिली नव्हती. ती न्हाणीघरातून पूर्ण कपडे करूनच बाहेर यायची. तिची पोलकी नेहमी बंद गळ्याची असत. उन्हाळ्यात सगळ्या बायका मागच्या अंगणात पदर सैल सोडून बसत तेव्हाही ही गुंडाळलेली. आम्ही तिला सोवळी म्हणून चिडवायचो.

डॉक्टर काझींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "हात धरा," त्या म्हणाल्या. बाकी काही विचारलं नाही.

मी तिचे दोन्ही हात धरले. तिचं तोंड माझ्या बाजूला होतं. बधिर करायची सुई टोचली तेव्हा ती कण्हलीसुद्धा नाही. नुसती बोलत राहिली, हळू, एका सुरात. "आता बघितलंस ना. म्हणून म्हणत होते. तेल मला माझं मला लावता येत होतं. कुणाला दाखवावं लागत नव्हतं."

"फुई, बोलू नकोस."

"दादाला सांगू नकोस. तो मला स्वतः सोडून आला होता. त्याला झेपायचं नाही."

मी तिचे हात घट्ट धरून उभी राहिले. सकाळपासून अंगात ठासून भरलेला राग जागेवरच होता, पण तो आता कुणावर काढायचा तेच कळेना.

*

पाठीत मूठ जाईल एवढा खड्डा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, टाके घालायचे नाहीत. रोज धुवायचं, रोज औषधाची पट्टी आत भरायची, जखम आतून भरत येईल. साखरेसाठी इन्सुलिन सुरू झालं. पट्टी मी करू लागले. दार लावून, आम्ही दोघीच. ती माझ्यावर सारखी खेकसायची. पाणी गार आहे, पट्टी ओली आहे, तुझे हात म्हणजे लाकडं आहेत. माझंही डोकं फिरायचं. चिमट्याबद्दल मी एक शब्द विचारला नाही, तिनं सांगितला नाही. बाहेर अप्पा ओट्यावर बसून कुणाला तरी सांगत असायचे, "ऐकत नाही हो आमची बहीण, पहिल्यापासून हट्टी," आणि आत माझ्या हातून पट्टी जोरात दाबली जायची. फुई म्हणायची, "बोलू दे त्याला. तू नीट भर."

मग मला पुण्याला जावं लागलं. तेलांचं पृथक्करण करायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मी शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त नर्सबाईंना पट्टीसाठी ठरवून, अप्पांना चार वेळा बजावून गेले. तिथे यंत्र बंद पडलं, माझा मुक्काम वाढला.

परतले तेव्हा भर दुपार होती. अप्पा ओट्यावर होते, पण एकटे. पेपर मांडीवर तसाच घडी न मोडलेला. मी ओट्याशीच विचारलं.

"नर्सबाई येऊन गेल्या?"

"नाही. तिनं पहिल्याच दिवशी परत पाठवलं त्यांना."

मी पिशवी खाली ठेवली. "अरे देवा! मग पट्टी?"

"मी करतो."

ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"मला हाक मारली तिनं," अप्पा म्हणाले. "दादा, आत ये म्हणाली. हात धुऊन ये. मला वाटलं पाणी-बिणी हवं असेल. गेलो तर पाठ करून बसली होती." ते माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"दवाखान्यात कळलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं नको म्हटलं होतं."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मीच नेऊन सोडलं होतं. बस वळेपर्यंत दारात उभी होती. मी खिडकीतून हात केला तिला. तिनं नाही केला. मला तेव्हा रागच आला होता, बघ. म्हटलं, किती ही ताठ."

मी पिशवी उचलून आत गेले. फुई तांदूळ निवडत बसली होती.

"नर्सला का घालवलंस?" माझा आवाज अजूनही तक्रारीचाच येत होता. दुसरा सापडत नव्हता.

"परक्या बाईला कशाला? घरात माणूस आहे की."

"मला नको म्हणालीस, त्यांना सांगू नकोस म्हणालीस, आणि मी चार दिवस गेले तर..."

"सांगितलं नाही मी," फुई म्हणाली. "दाखवलं. किती दिवस ऐकायचं ते हट्टाचं? कंटाळा आला मला." आणि तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. "डोळे चांगले आहेत ना तुझे? खडे काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात चढवून पट्टीचं सामान काढायला गेले, तर ते जागेवर नव्हतं. फुईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती खिडकीकडे तोंड करून खाटेवर बसली होती. अप्पा मागे स्टुलावर. चष्मा नाकावर घसरलेला, बाह्या वर केलेल्या. पोस्टात आयुष्यभर पार्सलांना लाख लावणारे ते जाड हात चिमटीत पट्टी धरून जखमेत इतके हळू, इतके भीत भीत सरकवत होते की एवढ्यानं काम व्हायचं नाही हे मला दारातूनही दिसत होतं. मी उंबऱ्यातच थांबले.

पट्टी भरून झाली. अप्पांचा हात तिथेच राहिला. मग तो जरा खाली आला आणि पांढऱ्या रेषांच्या एका जोडीपाशी थांबला, न टेकता.

"दुखतं का गं?" अप्पांनी विचारलं.

खिडकीबाहेर कासारकाकू वाळत घातलेले कपडे उलटत होत्या.

"आता नाही," फुई म्हणाली. "चल, आटप. भात उतू जातोय."